दोन देशांच्या कागद-पुठ्ठा व्यापाराची तुलना कशी करावी

सोलापुरातून बाहेर जाणारा बराचसा माल पुठ्ठ्याच्या खोक्यात बसूनच जातो. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीतून निघणारे टेरी टॉवेल आणि चादरी असोत, की सांगोल्याकडून निघणारी डाळिंबे असोत, सर्वांचे शेवटचे आवरण कोरुगेटेड (मध्ये नागमोडी थर असलेला) पुठ्ठा हेच असते. आणि यंत्रमागाला लागणारे सूत शंकूच्या आकाराच्या कागदी कोनावर गुंडाळलेले येते. त्यामुळे क्राफ्टच्या, म्हणजे खोक्यांच्या तपकिरी मजबूत कागदाच्या, रिळाचा टनामागचा भाव चढला, की त्याचा भार टॉवेलच्या डझनावर पडतो. असे झाले म्हणजे ‘बाहेरच्या बाजारात भाव वाढलेत’ असे उत्तर मिळते. हा बाहेरचा बाजार म्हणजे कोणते देश, ते नेमके काय विकतात, कोणाला विकतात आणि कोणत्या दराने विकतात, हे तपासायचे असेल तर दोन देशांचा कागद-पुठ्ठ्याचा व्यापार शेजारी शेजारी मांडून पाहणे हा एक खात्रीचा मार्ग आहे. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात वाणिज्य किंवा अर्थशास्त्राचा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि इथल्या खोके-उत्पादकांना हे काम स्वतः करता यावे, या हेतूने ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

अशा तुलनेत सर्वाधिक आढळणारी पद्धत म्हणजे ‘अमुक देशाची निर्यात इतके अब्ज डॉलर, तमुक देशाची इतके’ असे सांगून थांबणे. माझ्या मते ही तुलना झाली असे म्हणता येत नाही. कागदाच्या व्यापाराचे खरे स्वरूप दोन ठिकाणी दडलेले असते : मालाच्या वजनात, आणि मालाच्या वर्गीकरणासाठी दिलेल्या संकेतांकाच्या आतल्या पातळीवर. या दोन्ही ठिकाणी शिरल्याशिवाय काढलेला निष्कर्ष बहुधा चुकीचा निघतो.

प्रश्न आणि देश

प्रथम आपला प्रश्न एका वाक्यात लिहून काढावा. ‘इंडोनेशिया आणि जर्मनी यांच्या कागद व्यापाराची तुलना’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘हे दोन देश पुठ्ठ्याचा कच्चा कागद जास्त विकतात की तयार खोकी’, ‘लिहिण्या-छपाईच्या कागदाला दोघांना टनामागे किती दर मिळतो’, ‘त्यांचे ग्राहक किती देशांत विखुरलेले आहेत’ असे प्रश्न आकड्यांनी सोडवता येतात. या लेखात उदाहरणासाठी इंडोनेशिया आणि जर्मनी हीच जोडी घेतली आहे. इंडोनेशियाचा कागद आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) कराराामुळे भारतात कमी सीमाशुल्काच्या सवलतीने येतो आणि त्याचा परिणाम इथल्या बाजारावर होतो. जर्मनी हा युरोपातला सर्वांत मोठा कागद-उत्पादक आहे आणि तो विकतोही भरपूर, विकत घेतोही भरपूर. शिवाय या दोघांचा कच्चा माल मुळातच वेगळा आहे. सुमात्रातल्या गिरण्या अकेशिया आणि निलगिरीच्या, काही वर्षांत तोडणीला येणाऱ्या लागवडीवर चालतात, तर जर्मन गिरण्यांना लागणाऱ्या तंतूचा बहुतांश भाग रद्दी कागदातून येतो.

जोडी निवडताना भूगोलाचा एक मुद्दा विसरू नये. सुमात्रातून जावाला गेलेला कागद हा इंडोनेशियाचा देशांतर्गत व्यवहार असतो आणि तो व्यापाराच्या आकड्यांत येत नाही. जर्मनीतून तेवढ्याच किंवा त्याहून कमी अंतरावर नेदरलँड्सला गेलेला कागद मात्र निर्यात म्हणून मोजला जातो. म्हणून जर्मनीचे आकडे युरोपीय संघाच्या आतले आणि बाहेरचे असे दोन भागांत वेगळे केल्यावरच इंडोनेशियाशेजारी ठेवावेत. केवळ एकूण बेरीज ठेवली, तर सरहद्दी जवळ असल्याचे श्रेय जर्मन उद्योगाच्या खात्यावर जमा होते.

संकेतांक नीट ओळखणे

जीएसटीच्या बिलावर लिहिला जाणारा एचएसएन कोड आपल्याकडच्या प्रत्येक व्यापाऱ्याला माहीत असतो. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर त्याचे सहा अंक लिहावे लागतात. हेच सहा अंक आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नोंदीतही वापरले जातात, कारण दोन्हींचा उगम जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या, १९८८ पासून लागू असलेल्या एकाच वर्गीकरणात आहे. पहिले दोन अंक प्रकरण दाखवतात, चार अंकांनी शीर्षक ठरते आणि सहा अंकांनी उपशीर्षक. सहा अंकांपर्यंत सर्व देशांचे संकेतांक सारखे असतात. त्यापुढचे अंक प्रत्येक देश आपापल्या गरजेनुसार जोडतो. म्हणून दोन देशांची तुलना सहा अंकांच्या खाली नेऊ नये.

कागद, पुठ्ठा आणि त्यांच्या वस्तूंचे प्रकरण ४८ आहे. त्यातली काही शीर्षके पाठ असावीत इतकी महत्त्वाची आहेत. ४८०१ म्हणजे वृत्तपत्राचा कागद, ४८०२ म्हणजे लेप नसलेला लिहिण्या-छपाईचा कागद, ४८०४ म्हणजे लेप नसलेला क्राफ्ट, ४८०५ मध्ये फ्लुटिंग (पुठ्ठ्याच्या नागमोडी थराचा कागद) आणि टेस्टलायनर (रद्दीपासून बनलेला सपाट थराचा कागद) येतात, ४८१० म्हणजे चिनी मातीसारखा लेप दिलेला कागद आणि पुठ्ठा, ४८१८ म्हणजे टिश्यू आणि तत्सम वस्तू, ४८१९ म्हणजे खोकी, कार्टन आणि पिशव्या, तर ४८२० मध्ये वह्या आणि नोंदवह्या मोडतात. सोलापूरकरांनी ४८२२ कडे मुद्दाम पाहावे, कारण सूत गुंडाळायचे कागदी कोन आणि बॉबिन त्या शीर्षकाखाली नोंदवले जातात.

४८०४ आणि ४८०५ यांतला फरक हाताने तपासून पाहण्याजोगा आहे. टॉवेलच्या एका पाच प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या, खोक्याचा कोपरा पाण्यात भिजवून थर सुटे केले, तर तीन सपाट आणि दोन नागमोडी थर हाती येतात. सपाट थराच्या फाटलेल्या कडेला लांब, एकसारख्या रंगाचे धागे दिसले तर तो नव्या लगद्याचा क्राफ्टलायनर असण्याची शक्यता अधिक असते. कड लगेच तुटते, धागे आखूड असतात आणि मध्ये राखाडी ठिपके किंवा शाईचे कण दिसतात, तेव्हा तो रद्दीपासून बनलेला असतो. आपल्या बाजारात दोन्हींना ‘क्राफ्ट’च म्हणतात आणि भाव जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) व बीएफवर (दाबाने फुटण्याआधी कागद किती टिकतो याचे माप) ठरतो. आंतरराष्ट्रीय नोंदीत मात्र पहिला ४८०४ मध्ये आणि दुसरा, टेस्टलायनर म्हणून, ४८०५ मध्ये जातो. नव्या लगद्याचा देश आणि रद्दीचा देश यांची तुलना करताना ही दोन शीर्षके कधीही एकत्र करू नयेत.

जुन्या वर्षांपासूनची मालिका घ्यायची असेल, तर वर्गीकरणातले बदल लक्षात ठेवावे लागतात. लहान मुलांचे डायपर आणि सॅनिटरी नॅपकिन पूर्वी ४८१८ मध्येही मोजले जात; २०१२ च्या आवृत्तीत ते ९६१९ या नव्या शीर्षकाखाली गेले. ज्याने ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, त्याला २०१२ च्या सुमारास टिश्यूचा व्यापार अचानक घसरलेला दिसेल आणि तो मंदीचे कारण शोधत बसेल. २००७ मध्ये ४८१५ हे शीर्षकच रद्द झाले आणि २०१७ मध्ये वृत्तपत्री कागदाची व्याख्या बदलली. उपाय सोपा आहे : आकडे उतरवून घेताना सर्व वर्षांसाठी वर्गीकरणाची एकच आवृत्ती निवडावी आणि ती तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवावी.

४८ च्या कडेला प्रकरण ४९ आहे, ज्यात पुस्तके, वृत्तपत्रे, दिनदर्शिका असा छापील माल येतो. छपाई हाच जिथे वस्तूचा मुख्य उपयोग असतो, ती वस्तू ४९ मध्ये जाते; पण रंगीत छपाईचे खोके ४८१९ मध्येच राहते आणि लेबल छापलेले असो वा कोरे, ते ४८२१ मध्येच राहते. आपल्या प्रश्नात छापील माल येतो की नाही, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावे.

आकडे कुठून घ्यावेत

जगभरातल्या देशांनी स्वतः कळवलेली आकडेवारी संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या भांडारात मिळते. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरचे ट्रेड मॅप आणि जागतिक बँकेचे विट्स ही साधनेही मुख्यतः तिथलाच माल वेगळ्या मांडणीत देतात, त्यामुळे तिन्हींकडून आकडे घेऊन ते ‘तीन स्रोतांनी पुष्टी झाली’ असे सांगणे योग्य ठरणार नाही. युरोपसाठी युरोस्टॅट हे युरोपीय संघाचे सांख्यिकी कार्यालय अधिक खोलात जाते. उत्पादनाचे आणि टनांतल्या व्यापाराचे आकडे अन्न व कृषी संघटनेच्या वनोत्पादन विभागात असतात आणि त्यांतले उत्पादनाचे आकडे व्यापाराच्या भांडारांपासून स्वतंत्र असल्यामुळे पडताळणीला उपयोगी पडतात.

जोडीतला एक देश भारत असेल, तर कोलकात्याच्या वाणिज्यिक माहिती व सांख्यिकी महासंचालनालयाचे आकडे वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठ अंकांपर्यंत पाहता येतात. तिथली नेहमीची मांडणी एप्रिल ते मार्च अशा आर्थिक वर्षाची असते, तर कॉमट्रेडमधली वार्षिक मालिका साधारणपणे जानेवारी ते डिसेंबरची. एका रकान्यात २०२२-२३ आणि शेजारच्या रकान्यात २०२२ असे ठेवून केलेली तुलना तीन महिन्यांनी सरकलेली असते, आणि कागदाचे भाव ज्या वर्षात झपाट्याने वरखाली झाले त्या वर्षात हे तीन महिने चित्र पालटू शकतात. मासिक आकडे घेऊन दोन्हींकडे तेच बारा महिने जुळवणे, एवढेच यावर करण्यासारखे आहे. भारतात १ ऑक्टोबर २०२२ पासून ४८ व्या प्रकरणातल्या २०१ टॅरिफ ओळींच्या आयातीसाठी पेपर इम्पोर्ट मॉनिटरिंग सिस्टिममध्ये आगाऊ नोंदणी सक्तीची झाली आहे. त्या तारखेच्या आसपासचे मासिक आकडे वाचताना ही बाब मनात असू द्यावी.

जर्मनीच्या आकड्यांबाबत एक वेगळी खबरदारी लागते. युरोपीय संघाबाहेरचा व्यापार सीमाशुल्काच्या कागदपत्रांवरून मोजला जातो, पण संघाच्या आतल्या व्यापाराला सीमाशुल्क नाही, म्हणून तिथे १९९३ पासून इंट्रास्टॅट ही पद्धत आहे, जिच्यात ठरावीक उलाढालीच्या वरचे व्यावसायिकच नियमित माहिती देतात आणि उरलेल्यांचा अंदाज बांधला जातो. इंडोनेशियाचे आकडे मात्र सीमाशुल्काच्या कागदांवरून आलेले असतात. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात सारख्या अक्षरांत छापलेले दिसले, तरी त्यांच्या मागची नोंद सारखी नाही, ही गोष्ट अहवालात एका वाक्याने तरी सांगितली पाहिजे.

तक्ता कसा मांडावा

एक्सेलमध्ये आडव्या ओळींत ४८०१ पासून ४८२३ पर्यंतची शीर्षके आणि उभ्या रकान्यांत प्रत्येक देशासाठी निर्यातीचे मूल्य, निर्यातीचे वजन, आयातीचे मूल्य आणि आयातीचे वजन असे चार रकाने घ्यावेत. पुनर्निर्यात वेगळी मिळत असेल तर ती पाचव्या रकान्यात ठेवावी. दुसरीकडून आलेला कागद तसाच पुढे गेला असेल, तर तो त्या देशाच्या गिरण्यांचे काम दाखवत नाही. वर्ष एकच घेऊ नये. मी किमान सलग पाच वर्षे घेण्याचा आग्रह धरतो, कारण २०२० मध्ये महामारी होती आणि २०२२ मध्ये युरोपात ऊर्जा महागल्यामुळे कागदाचे भाव चढले होते. यांपैकी एकच वर्ष उचलले, तर त्या वर्षाचा अपवाद देशाचा स्वभाव म्हणून नोंदला जाईल.

वजनाच्या रकान्यात अडचणी येतातच. दोन अंकी पातळीवर वजनाची जागा अनेकदा रिकामी असते किंवा भरवशाची नसते. म्हणून वजन सहा अंकांच्या पातळीवर उतरवून आपणच बेरीज करावी. कॉमट्रेडमध्ये ज्या नोंदीचे वजन कळवलेले नसून अंदाजाने भरलेले आहे, तिच्यापुढे तशी खूण असते. अशा ओळींना रंग देऊन ठेवावा आणि एखाद्या शीर्षकातला बराच भाग रंगीत निघाला, तर त्या शीर्षकाच्या टनामागच्या दरावर कोणताही निष्कर्ष उभा करू नये.

टनामागचे मूल्य

तुलनेचा गाभा इथे आहे. मूल्याला वजनाने भागले, की टनामागे किती डॉलर पडले ते कळते, आणि त्यातून देश काय विकतो याचा अंदाज येऊ लागतो. समजा, ‘अ’ देशाने ४८०२ या शीर्षकाखाली वर्षभरात १ लाख टन माल ८ कोटी डॉलरना निर्यात केला आणि ‘ब’ देशाने ६० हजार टन माल ६ कोटी ६० लाख डॉलरना. पहिल्याला टनामागे ८०० डॉलर मिळाले, दुसऱ्याला १,१००. ‘ब’चा कागद उंची आहे, असे इथेच लिहून मोकळे होण्याचा मोह होतो, पण अजून एक पायरी उतरावी लागते. ४८०२ च्या आत ४८०२५५ म्हणजे रिळातला कागद आणि ४८०२५६ म्हणजे ए-४, ए-३ सारख्या लहान आकारांत कापलेला ताव. ‘अ’ देश मुख्यतः रिळे विकत असेल आणि ‘ब’ देश कापून, रीम बांधून, वेष्टनात घालून विकत असेल, तर ३०० डॉलरच्या फरकातला बराच हिस्सा कापणी-बांधणीचा आहे, कागदाच्या प्रतीचा नाही. उपशीर्षकाच्या पातळीवर, म्हणजे ४८०२५६ ची ४८०२५६ शी तुलना केल्यावरही फरक शिल्लक राहिला, तरच प्रत, ब्रँड, अंतर, दीर्घ मुदतीचे करार किंवा मुद्दाम कमी ठेवलेला भाव अशा कारणांकडे वळावे.

शेवटचे कारण केवळ कल्पनेतले नाही. इंडोनेशिया आणि सिंगापूरहून येणाऱ्या अनकोटेड कॉपियर पेपरवर (लेप नसलेल्या झेरॉक्सच्या कागदावर) भारताने २०१८ मध्ये अँटी-डम्पिंग शुल्क, म्हणजे मुद्दाम कमी दराने विकलेल्या आयातीवरचे जादा शुल्क, लावले होते, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिन मल्टिलेयर पेपरबोर्डासाठी (नव्या लगद्याच्या बहुथरी पुठ्ठ्यासाठी) किमान आयात किंमत ठरवून दिली. अशा चौकशांची सुरुवात नेमकी याच आकड्यापासून, टनामागच्या मूल्यापासून होते. मात्र आपल्या तक्त्यात दर कमी दिसला म्हणून तो ‘डम्पिंग’ आहे असे लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्यासाठी निर्यातदार देशातली देशांतर्गत किंमत आणि खर्च तपासावे लागतात, जे व्यापाराच्या आकडेवारीत नसतात.

चलनाचाही विचार करावा. भांडारातले मूल्य डॉलरमध्ये दिलेले असते, पण जर्मन गिरणी युरोत भाव ठरवते. २०२२ च्या जुलैत युरो घसरून डॉलरच्या बरोबरीला आला होता. त्या वर्षी युरोमध्ये चढलेला भाव डॉलरमध्ये कमी चढलेला दिसतो. म्हणून जर्मनीचा टनामागचा दर एकदा डॉलरमध्ये आणि एकदा युरोमध्ये काढून दोन्ही रेषा एका आलेखावर ठेवाव्यात.

दोन्ही बाजूंच्या नोंदी

इंडोनेशियाने जर्मनीला केलेली निर्यात आणि जर्मनीने इंडोनेशियाकडून केलेली आयात हा एकच व्यवहार आहे, परंतु त्याचे दोन आकडे बहुधा जुळत नाहीत. पहिले कारण सर्वांना ठाऊक असते : निर्यात एफओबी दराने, म्हणजे जहाजावर चढेपर्यंतच्या खर्चाने नोंदली जाते, तर आयात सीआयएफ दराने, म्हणजे विमा आणि भाडे धरून. ही तफावत काढण्यासाठी सरसकट १० टक्के किंवा ६ टक्के वजा करण्याची पद्धत आहे. कागदासाठी मला ती पटत नाही. कागद वजनाला भारी आणि किमतीला हलका माल आहे, त्यामुळे त्याच्या किमतीत भाड्याचा वाटा यंत्रे किंवा औषधे यांच्यापेक्षा बराच मोठा असतो, आणि रद्दीच्या बाबतीत तर आणखी मोठा. शिवाय २०२१ मध्ये कंटेनरची भाडी अनेक पटींनी वाढली होती, तेव्हा एकच टक्केवारी सर्व वर्षांना लावणे चुकीचे ठरेल. त्यापेक्षा मूल्याऐवजी दोन्ही बाजूंचे वजन ताडून पाहावे. वजनावर भाडे चढत नाही.

वजनही जुळले नाही, तर माल वाटेत कुठे थांबला याचा शोध घ्यावा. सुमात्रातला माल सिंगापूर बंदरात जहाज बदलतो, तेव्हा निर्यातदाराच्या कागदावर शेवटचा मुक्काम सिंगापूर असा लिहिला जाण्याची शक्यता असते. रॉटरडॅमला उतरून तिथेच सीमाशुल्क भरलेला कागद ट्रकने जर्मनीत गेला, तर युरोस्टॅटच्या पद्धतीत जर्मनीसाठी तो माल पाठवणारा देश नेदरलँड्स ठरतो. डिसेंबरात निघालेले जहाज जानेवारीत पोचले, तर एकच खेप दोन वेगळ्या वर्षांत नोंदली जाते. वर्गीकरणाचा मतभेदही असतो : निर्यातदाराने ४८०४ म्हटलेला माल आयातदाराच्या अधिकाऱ्याने ४८०५ मध्ये घातला, तर एका शीर्षकात तूट आणि दुसऱ्यात वाढ दिसेल. यावर सोपी तपासणी म्हणजे आधी पूर्ण प्रकरण ४८ चे वजन ताडून पाहणे. तिथे दोन्ही आकडे जवळ असतील आणि शीर्षकांत दूर असतील, तर दोष वर्गीकरणाचा आहे असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते.

गुणोत्तरे

देशाच्या एकूण निर्यातीत कागदाचा वाटा आणि जगाच्या एकूण निर्यातीत कागदाचा वाटा यांचे गुणोत्तर अर्थशास्त्रज्ञ बलासा यांनी १९६५ मध्ये मांडले. ते १ च्या वर असेल, तर त्या मालात त्या देशाची आघाडी उघड दिसते असे मानतात. हे काढणे सोपे आहे आणि इथे जास्त थांबण्याची गरज नाही.

ग्रुबेल आणि लॉइड या अर्थशास्त्रज्ञांचा निर्देशांक मात्र काळजीने वापरावा. निर्यात व आयात यांच्यातल्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून ते १ मधून वजा केले, की हा निर्देशांक मिळतो. तो १ च्या जवळ असेल तर देश त्याच प्रकारचा माल विकतोही आणि घेतोही. ० च्या जवळ असेल तर व्यापार एकतर्फी आहे. आता समजा, एका देशाची ४८०२ मधली निर्यात ९० आणि आयात १० आहे, तर ४८१० मधली निर्यात १० आणि आयात ९०. प्रत्येक शीर्षकाचा निर्देशांक ०.२ येतो, म्हणजे दोन्हीकडे व्यापार एकतर्फी. पण दोन्ही शीर्षके एकत्र करून काढला, तर निर्यात १००, आयात १०० आणि निर्देशांक थेट १ येतो, जणू हा देश सारखाच माल दोन्ही दिशांनी हलवतो. म्हणून हा निर्देशांक चार किंवा सहा अंकांवर काढून मग त्यांची व्यापाराच्या आकारमानानुसार भारित सरासरी घ्यावी. जर्मनीसारख्या, चहूबाजूंनी कागद-उत्पादक शेजारी असलेल्या देशाबाबत ही खबरदारी अत्यावश्यक आहे.

ग्राहकांचे केंद्रीकरण मोजण्यासाठी प्रत्येक खरेदीदार देशाच्या हिश्श्याचा वर्ग करून त्यांची बेरीज करावी. लोकसंख्येने भागायचे असेल, तर व्यापार भागण्याऐवजी वापर भागावा, म्हणजे उत्पादन अधिक आयात वजा निर्यात. इंडोनेशियाची लोकसंख्या जर्मनीच्या तिपटीहून जास्त असल्यामुळे दरडोई निर्यातीच्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

लगदा, रद्दी आणि मोजणीत न येणारा कागद

फक्त ४८ पाहून थांबले, तर अर्धेच चित्र दिसते. प्रकरण ४७ मध्ये लगदा आणि ४७०७ या शीर्षकाखाली रद्दी कागद येतो. इंडोनेशिया आखूड तंतूचा लगदा मोठ्या प्रमाणावर, मुख्यतः चीनला विकतो, आणि त्याच वेळी खोक्यांच्या कागदासाठी रद्दी बाहेरून आणतो. त्यामुळे ‘कच्चा माल विकणारा देश’ किंवा ‘कच्चा माल घेणारा देश’ असे एकच लेबल त्याला लावता येत नाही. रद्दीच्या बाजारात मोठी उलथापालथ झाली ती चीनमुळे. चीनने आधी २०१७-१८ मध्ये अटी कडक केल्या आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयातच पूर्ण बंद केली, ज्यात रद्दी कागदही आला. पूर्वी चीनला जाणारी जुनी खोकी भारताकडे आणि आग्नेय आशियाकडे वळली, तिथे त्यांपासून लायनर आणि फ्लुटिंग बनू लागले, आणि ते पुन्हा चीनला निर्यात होऊ लागले. २०१७ नंतर एखाद्या देशाच्या ४८०५ च्या निर्यातीत उडी दिसली, तर त्याच देशाच्या ४७०७ च्या आयातीची रेषा तिच्याखाली काढून पाहावी.

तयार खोक्यांचा, म्हणजे ४८१९ चा व्यापार वेगळ्या कारणाने फसवा असतो. कोरुगेटेड खोके घडी घातलेलेही जागा फार अडवते, म्हणून ते रिकामे असताना दूर जात नाही. त्याचा थेट व्यापार मुख्यतः शेजारी देशांत होतो आणि म्हणूनच जर्मनीचा आकडा मोठा दिसतो. भरलेले खोके मात्र समुद्र ओलांडते, आणि तेव्हा ते कागद म्हणून मोजलेच जात नाही. वर्गीकरणाच्या पाचव्या सर्वसाधारण नियमानुसार नेहमीचे वेष्टन त्यातल्या मालासोबतच नोंदले जाते. न्हावा-शेवाहून हॅम्बुर्गला गेलेल्या सोलापुरी टॉवेलच्या खेपेत शेकडो किलो पुठ्ठा असला, तरी त्याची नोंद ६३०२ या टॉवेलच्या शीर्षकात होते. डाळिंबाच्या खोक्यांची नोंद ०८१० मध्ये होते. जर्मनीत ती खोकी फोडली जातात, रद्दीत जातात आणि तिथल्या गिरणीचा कच्चा माल बनतात. म्हणजे वस्तूंची मोठी निर्यात करणारा देश कागदाचीही मोठी निर्यात करत असतो, फक्त ती ४८ मध्ये दिसत नाही.

या अदृश्य कागदाचा अंदाज सोलापुरातला खोके-उत्पादक इतर कोणाहीपेक्षा चांगला बांधू शकेल. एका खोक्याचे वजन, त्यात बसणारे टॉवेल किंवा डाळिंबांचे किलो, आणि त्या शीर्षकाखालची एकूण निर्यात, एवढे तीन आकडे असले की गुणाकार-भागाकाराने टनांचा अंदाज निघतो. त्यासाठी दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांतली खोकी वजन करून घ्यावीत, तीन प्लाय आणि पाच प्लाय वेगळे धरावेत, आणि आलेला आकडा ‘अंदाज’ म्हणूनच, कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन टोकांनी लिहावा.

अहवाल लिहिताना

प्रत्येक तक्त्याखाली भांडाराचे नाव, वर्गीकरणाची आवृत्ती, आकडे कोणत्या देशाने कळवलेले आहेत, मूल्य एफओबी आहे की सीआयएफ, आणि आकडे उतरवून घेतल्याची तारीख लिहावी. देश आपले आकडे नंतर दुरुस्त करतात, विशेषतः शेवटच्या वर्षाचे. त्यामुळे तारीख नसेल, तर सहा महिन्यांनी तोच तक्ता पुन्हा काढणाऱ्याला फरक का पडला हे कळणार नाही. उतरवलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवून हिशेब तिच्या प्रतीवर करावेत. ज्या वर्षाचे आकडे दोन्हींपैकी एकाच देशाने कळवले आहेत, ते वर्ष तुलनेतून वगळावे. रिकामी जागा भरण्यासाठी व्यवहारातल्या समोरच्या देशांचे, म्हणजे ग्राहकांचे किंवा पुरवठादारांचे, आकडे वापरायचे असतील, तर त्या ओळीपुढे तसे स्पष्ट लिहावे आणि त्या वर्षी टनामागचे मूल्य काढू नये.